छप्पनच्या दुष्काळातील भाकर

वऱ्हाडातील दुष्काळाचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास दोन दप्तरे सापडतात. एक इंग्रज सरकारचे, दुसरे मिशनऱ्यांचे. तिसरे दप्तर आमच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी होते; ते बहुतेक त्यांच्यासोबतच गेले. माझी आजी त्या दुष्काळानंतर कित्येक वर्षांनी जन्मलेली. तरी घरात कोणी ताटात भाकर टाकली की ती म्हणायची, "छप्पन पाह्यला नाही तुनं." हा छप्पन म्हणजे विक्रम संवत 1956, इसवी सन 1899-1900.

1891 साली वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे 28 लाख 97 हजार होती. 1901 साली ती 27 लाख 54 हजारांवर आली. मधल्या दहा वर्षांत 1896-97 चा एक आणि छप्पनचा दुसरा, असे दोन दुष्काळ पडले. 1870 साली खामगावच्या कापूसबाजाराला रेल्वे जोडली गेली होती. काळ्या जमिनीत कापूस वाढला, ज्वारीची पेवे आटली. पाऊस गेला तेव्हा सावकाराजवळ पैसा होता, पाटलाजवळ पत होती. महाराजवळ काय होते? खळ्यावरचे बलुते. खळेच लागले नाही तर बलुते कुठले? आणि हे बलुते तरी काय चीज होती! हक्क म्हणावा तर हात पसरून मागावा लागे. भीक म्हणावी तर तिच्यासाठी वर्षभर राबावे लागे. आमच्या लोकांना 'दान' हा शब्द ऐकला की आजही मळमळते, त्याचे मूळ या खळ्यात आहे.

सरकारने खडी फोडण्याची कामे काढली, अन्नछत्रे उघडली. पण सरकारच्या दुष्काळ-संहितेत अन्न शिजवणाऱ्याच्या जातीचीही काळजी घेतलेली होती. मरणाच्या दारातही विटाळ जागा राहावा, ही दक्षता परक्या सरकारने घेतली!

या पार्श्वभूमीवर मिशनऱ्यांचे काम पाहिले पाहिजे. ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या अमेरिकन मिशनने अकोल्यात मुलांसाठी आणि खामगावात मुलींसाठी अनाथाश्रम चालवले. (खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यातच होते, ते बुलढाण्यात गेले 1905 साली.) याच मिशनच्या जेनी फुलर अकोल्यात राहिल्या. हिंदी स्त्रीच्या हालांवरचे त्यांचे पुस्तक 1900 साली निघाले, त्याला पंडिता रमाबाईंची प्रस्तावना आहे. त्याच साली न्यूयॉर्कहून 'क्विटो' नावाचे जहाज सुमारे 2 लाख बुशेल मका घेऊन हिंदुस्थानास निघाले. त्यासाठी 'ख्रिश्चन हेराल्ड' या साप्ताहिकाने आपल्या वाचकांकडून वर्गणी जमवली होती.

रमाबाईंचे उदाहरण मला अधिक मोलाचे वाटते. 1870 नंतरच्या दक्षिणेकडील दुष्काळाच्या दिवसांत त्यांनी आईबाप आणि बहीण गमावली होती. 1897 साली त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासाने वाळलेल्या मुली घेऊन परतल्या. प्लेगच्या निर्बंधांमुळे पुण्यात त्यांना ठेवता येईना, म्हणून केडगावच्या माळावर नेले. शारदा सदनात आरंभी ब्राह्मण विधवांचा सोवळा स्वयंपाक सांभाळला जात असे. केडगावला सर्व जातींच्या पोरी आल्या, आणि दुष्काळाने ती चूल मोडली. जिने स्वतः भूक भोगली तिने दिलेले अन्न आणि कोठारातून ओतलेले अन्न यांत फरक असतो. पौलाने करिंथच्या मंडळीला मासेदोनियाचा दाखला दिला तो याच कारणाने: तिथले लोक दरिद्री होते, तरी त्यांनी ऐपतीबाहेर दिले.

आता आक्षेप. मिशनने अन्न देऊन धर्म घेतला, असे सवर्ण इतिहासकार म्हणतात. घेतला, हे नाकारण्याचे कारण नाही. अनाथ पोराला निवडीचा हक्क कोणी दिला होता? परंतु ज्यांनी पाणवठाही दिला नाही, त्यांनी हा आक्षेप घ्यावा हे हास्यास्पद आहे. शिवाय नुसत्या अन्नाने धर्म बदलत असता तर वऱ्हाड ख्रिस्ती झाले असते. अमरावती-अकोल्यात आजही शेकडा एक ख्रिस्ती नाही. खरी टीका बाबासाहेबांची आहे. मिशनांच्या शाळा-दवाखान्यांचा लाभ उच्चवर्णीयांनीच अधिक उचलला आणि अस्पृश्यांतून आलेला ख्रिस्ती मागेच राहिला, असे त्यांनी दाखवून दिले. पुढे 1950 च्या राष्ट्रपती-आदेशाने अनुसूचित जातींची यादी हिंदूंपुरती ठेवली; 1956 साली शीख व 1990 साली बौद्ध तिच्यात आले, ख्रिस्ती बाहेरच राहिले. छप्पनच्या भाकरीची किंमत पणतू-खापरपणतू अशी चुकवीत आहेत.

2021 च्या फेब्रुवारीत अमरावतीत पुन्हा टाळेबंदी लागली. आमच्या गल्लीत एक निवृत्त परिचारिका राहतात, ख्रिस्ती आणि विधवा. त्या रोज स्वयंपाकाआधी मूठभर धान्य वेगळ्या डब्यात टाकतात. चर्चमध्ये हंगामाच्या सणाला ते जाते. त्या वर्षी त्यांनी तो डबा शेजारच्या बांधकामावरील मजुरांच्या झोपडीत रिकामा केला. पाच-सहा किलो ज्वारी असेल. त्यांची पेन्शन तेव्हा दोन महिने अडकली होती, हे मला नंतर कळले.

त्यांच्या सासऱ्यांची आजी खामगावच्या आश्रमात वाढली. तिची जात कोणती, असे मी इतिहासाचा मास्तर म्हणून विचारले. "माहीत नाही सर," त्या म्हणाल्या, "पोराच्या दाखल्यासाठी आम्हीही खूप शोधली."