एक ‘नाही’, दोन ‘हो’

पाचवी ते सातवी मी दुपारच्या पाळीत शिकलो. वर्गात शिरायचो तेव्हा फळ्यावर सकाळच्या वर्गाचं गणित अर्धवट पुसलेलं असायचं. बाकाच्या खणात कधी कुणाचा खोडरबर सापडायचा. ज्याचा तो असेल, तो मुलगा मी कधीच पाहिला नाही. एका इमारतीत दोन शाळा भरतात, यात आम्हाला काही वावगं वाटत नव्हतं.

पुढे लॉस एंजेलिसच्या शाळांचा इतिहास वाचताना तो बाक आठवला. एवढ्या श्रीमंत शहरात १९८०नंतर शाळांमध्ये मुलं मावेनाशी झाली होती. त्यावर काढलेला तोडगा असा : मुलांचे तीन गट करायचे. शाळा वर्षभर चालू ठेवायची. दोन गट शाळेत, तेव्हा तिसरा सुट्टीवर. त्यामुळे वर्षाला १८० ऐवजी १६३च दिवस शाळा. दिवस थोडा लांबवून कागदावर मिनिटं जुळवली जायची. पण एखादं मूल बारा वर्षं असं शिकलं, तर २०४ दिवस हुकले. म्हणजे एका आख्ख्या वर्षाहून जास्त. शिवाय आपल्या वस्तीत जागा नाही म्हणून हजारो मुलं रोज बसने दूरच्या शाळांत पाठवली जायची.

मग नव्या शाळा का बांधल्या नाहीत? कारण त्यासाठी मतदारांना विचारावं लागतं.

कॅलिफोर्नियात शाळेला इमारतीसाठी कर्जरोखे काढायचे, तर स्थानिक मतदारांची संमती हवी. ते कर्ज फिटतं घरमालकांच्या मालमत्ता करातून, वर्षानुवर्षं. आणि १८७९च्या राज्यघटनेपासून साधं बहुमत पुरत नव्हतं, दोन तृतीयांश मतं लागायची. म्हणजे एक ‘नाही’ खोडून काढायला दोन ‘हो’ हवेत. १९७८मध्ये ‘प्रपोझिशन १३’ने मालमत्ता करावर मर्यादा घातली आणि कर्जरोख्यांची ही वाटच बंद केली. ती पुन्हा उघडली १९८६मध्ये. गंमत म्हणजे ‘प्रपोझिशन १३’लाही मतं मिळाली होती सुमारे ६५ टक्के, दोन तृतीयांशापेक्षा कमीच.

आता मतदान कोण करणार? सर्वांत दाटीच्या शाळांमधली पुष्कळ मुलं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेल्या कुटुंबांतली. त्यातल्या अनेक आईवडिलांकडे नागरिकत्व नाही, म्हणून मत नाही. मुलांना तर ते नसतंच. आणि ज्यांच्याकडे मत होतं, त्यांतल्या पुष्कळांच्या घरात शाळेत जाणारं मूल नव्हतं. मतपत्रिकेवर शब्द कायद्याचे होते, पण प्रश्न सरळ होता : दुसऱ्याच्या मुलासाठी पैसे द्याल का?

नोव्हेंबर १९९६मध्ये २४० कोटी डॉलरचा प्रस्ताव आला. त्यातली मोठी रक्कम दुरुस्तीसाठी होती, काही नव्या शाळांसाठी. मतं पडली ६५ टक्क्यांच्या वर, तरी प्रस्ताव पडला. पाच महिन्यांनी तोच पुन्हा मांडला, तेव्हा ७१ टक्के ‘हो’ आले.

दर वेळी असं नशीब कोण आजमावणार? म्हणून नियमच बदलायचं ठरलं. साधं बहुमत पुरावं, हा प्रस्ताव मार्च २०००मध्ये हरला. नोव्हेंबरमध्ये ५५ टक्क्यांचा पर्याय आला आणि जिंकला, ५३ टक्के मतांनी! सोबत अटी होत्या : कामांची यादी आधी जाहीर करा, दरवर्षी लेखापरीक्षण करा, नागरिकांची देखरेख समिती नेमा.

त्या अटी उगाच नव्हत्या. बेलमाँट भागातली नवी शाळा जुन्या तेलक्षेत्रावर बांधायला घेतली, जमिनीत मिथेन निघाला, काम अडलं. ती उघडली २००८मध्ये. ‘नाही’ म्हणणारे सगळेच कंजूष नव्हते. आपला पैसा कुठे जातो, ही त्यांची शंका रास्त होती. हिशोब दाखवण्याची हमी मिळाल्यावर २००२, २००४, २००५ आणि २००८ असे चार प्रस्ताव मंजूर झाले. १९९७पासूनची बेरीज दोन हजार कोटी डॉलरच्या वर जाते. त्यातून सव्वाशेहून अधिक नव्या शाळा उभ्या राहिल्या. विद्यार्थ्यांच्या वतीने राज्यावर झालेल्या ‘विल्यम्स’ खटल्यात २००४मध्ये तडजोड झाली आणि १६३ दिवसांचं वेळापत्रक २०१२पर्यंत बंद करायचं ठरलं.

पण इमारती उभ्या राहीपर्यंत मुलांची संख्या उतरणीला लागली होती. १९८५मध्ये पहिलीत बसलेलं मूल १९९७च्या त्या ‘हो’पर्यंत शाळा संपवत आलं होतं. पैसे नंतर मिळाले, हुकलेले दिवस त्याला कुणी परत दिले नाहीत.

आपल्याकडे असं मतदान होत नाही. मालमत्ता कराच्या बिलात ‘शिक्षण कर’ अशी एक ओळ असते, ती आपण न वाचताच भरतो. त्या पैशाचं काय होतं, हे मीही कधी विचारलेलं नाही. पण उद्या कुणी दारात येऊन माझं मत मागितलं, तर? माझ्या घरातलं कुणीही महापालिकेच्या शाळेत जात नाही. मी लगेच ‘हो’ म्हणेन, असं छातीठोकपणे सांगता येत नाही. सकाळच्या पाळीतला तो न पाहिलेला मुलगा मात्र आठवेल. त्याचा खोडरबर मी परत ठेवला नव्हता.