पाच किलोमीटर गेले, सोळाशे आले

लातूरचे नाव राज्यभर झाले ते परीक्षेतल्या गुणांमुळे. पण लातूर आणि नांदेड या दोन्ही जिल्ह्यांत गुणांची आणखी एक लढाई रोज पहाटे अंधारात, डांबरी सडकांवर आणि शाळांच्या मैदानांवर चालू असते. ती पोलीस भरतीच्या 'ग्राउंड'ची. 2019 पूर्वी पुरुषांची शारीरिक चाचणी 100 गुणांची होती. 5 किलोमीटर धावणे, 100 मीटर, गोळाफेक, लांब उडी आणि पुलअप्स असे पाच प्रकार, प्रत्येकाला 20 गुण. 2019 मध्ये ती 50 गुणांवर आली. 5 किलोमीटर जाऊन 1600 मीटर आले आणि त्या एकट्या धावेला 30 गुण मिळाले. मुलींचे 3 किलोमीटर 800 मीटरवर आले. अंतर तिपटीने घटले म्हणजे शर्यत सोपी झाली, असा समज तेव्हापासून आहे. मला तो चुकीचा वाटतो. शर्यत किती अवघड, हे चूक सावरायला ती किती जागा देते आणि तिच्यावर किती टांगलेले असते, यावर ठरते.

आजच्या नियमात 1600 मीटरला 20 गुण आहेत. ते सगळे मिळवायचे, म्हणजे पोरांच्या भाषेत 'आउट ऑफ' मारायचे, तर 5 मिनिटे 10 सेकंदांत यावे लागते. 400 मीटरच्या ट्रॅकवर प्रत्येक फेरी साडेसत्त्याहत्तर सेकंदांत. घोळक्यातून सुटताना पहिली फेरी सत्तरच्या आत मारली, तर तिसऱ्या फेरीत मांड्या दगडासारख्या होतात. आतली कड मिळाली नाही आणि मीटरभर बाहेरून पळावे लागले, तर चार फेऱ्यांत सुमारे 25 मीटर जास्त पडतात. या वेगाला ते जवळजवळ पाच सेकंद. 5 किलोमीटरमध्ये पाच सेकंद पुढे कुठेतरी भरून काढता येत. इथे त्या पाच सेकंदांत गुणांचा टप्पा हुकतो आणि गुणवत्ता यादीत एकेका गुणावर नावे खाली सरकतात. पूर्वी धाव बिघडली तरी चाचणीचे चार पंचमांश गुण हातात राहत. 2019 मध्ये पाचातले तीन हिस्से तिच्यावर होते, आता दोन आहेत.

यावर कोणी म्हणेल, लांब धावच जिवावर बेतते. ते खरेच आहे. 2014 च्या जूनमध्ये मुंबईत 5 किलोमीटर धावल्यानंतर काही उमेदवार दगावले. त्या उकाड्यात पोरांना पळवणे अक्षम्य होते, आणि धाव छोटी झाली हे चांगलेच झाले. पण धोका आणि कठीणपणा एक नव्हेत. धोका ऊन, वेळ, पाणी यांच्या व्यवस्थेने कमी करता येतो. चार फेऱ्यांतला तो आवळलेला हिशेब कोणत्याही व्यवस्थेने सैल होत नाही. अंतर हे माप अपुरे असल्याचा पुरावा शेजारच्या बीड जिल्ह्यातच आहे. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात गेला आणि 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये उतरला: 91.4 सेंटीमीटर उंचीचे, धक्का लागला तरी न पडणारे अडथळे 28 वेळा आणि पाण्यावरची उडी सात वेळा. या प्रकारातला पुरुषांचा जागतिक विक्रम 7 मिनिटे 52.11 सेकंदांचा, तर तेवढेच सपाट अंतर 7 मिनिटे 17.55 सेकंदांत पार झाले आहे. मीटर तितकेच, मध्ये पस्तीस सेकंदांचा फरक.

प्रश्न ज्याच्या त्याच्या शरीराचा आहे, ही हरकत जास्त वजनाची. ज्याच्याकडे वेग आहे त्याला सोळाशे सोयीचे, ज्याच्याकडे दम आहे त्याला पाच किलोमीटर. मान्य. म्हणूनच नियम बदलल्याने काही जणांना दार उघडले आणि वर्षानुवर्षे दम कमावलेल्या काहींना ते जड झाले. कोरडवाहू रानाच्या वाटण्या होत गेलेल्या घरात, वयाची अट जवळ आलेल्या मुलाला पुन्हा वेग कमवायला किती वर्षे उरतात? राज्य राखीव पोलीस बलाच्या भरतीत मात्र 5 किलोमीटर कायम आहे. त्यामुळे दोन्ही अर्ज भरलेला मुलगा एका पहाटे चार फेऱ्या घड्याळावर मारतो आणि दुसऱ्या पहाटे गावाबाहेर सडकेने लांब निघतो.