अलास्का, 2010 : हाताने लिहिलेल्या नावाचा विजय

अमेरिकेच्या सिनेटचे सदस्य 1913 च्या सतराव्या घटनादुरुस्तीपूर्वी राज्यांची विधिमंडळे निवडत असत. ही निवड थेट जनतेकडे आली त्याच सुमारास पक्षाचा उमेदवारही नेत्यांऐवजी मतदारांनी ठरवावा, अशी प्राथमिक निवडणुकीची म्हणजे 'प्रायमरी'ची पद्धत राज्याराज्यांत रुजत गेली. भारतात पक्षश्रेष्ठी देतात ते तिकीट तेथे विद्यमान सिनेटरलाही मतपेटीतूनच मिळवावे लागते. मात्र या फेरीला मोजकेच मतदार येत असल्याने, जनतेला अधिकार देण्यासाठी आणलेली पद्धत कधी कधी जनतेचाच पर्याय हिरावून घेते.

अलास्कात हेच घडू पाहत होते. तेथील लिसा मुर्कोव्स्की यांना 2002 मध्ये राज्याचे गव्हर्नर झालेल्या त्यांच्या वडिलांनी, फ्रँक मुर्कोव्स्की यांनी, स्वतः सोडलेल्या सिनेटच्या जागी नेमले. घराणेशाहीचा आक्षेप रास्तच होता, तरी 2004 मध्ये त्या निवडूनही आल्या. ऑगस्ट 2010 मध्ये मात्र रिपब्लिकन प्राथमिक फेरीत, राज्याच्या माजी गव्हर्नर सेरा पेलिन आणि 'टी पार्टी' या कट्टर उजव्या चळवळीचा पाठिंबा लाभलेल्या जो मिलर यांनी त्यांना सुमारे दोन हजार मतांनी हरवले. त्या फेरीत दोघांना मिळून सुमारे 1,10,000 मते पडली होती. नोव्हेंबरमध्ये अडीच लाखांहून अधिक लोक मत देणार होते.

सप्टेंबरमध्ये मुर्कोव्स्की यांनी 'राइट-इन' उमेदवारी जाहीर केली. यात उमेदवाराचे नाव छापलेले नसते. मतदाराने ते मतपत्रिकेवर स्वहस्ते लिहून शेजारची खूणजागा काळी करायची असते. 1954 मध्ये दक्षिण कॅरोलिनात स्ट्रॉम थर्मंड यांनी अशा मतांवर जिंकण्याची किमया केली होती, पण त्यानंतर सिनेटसाठी ती कोणालाही साधली नव्हती. 'मुर्कोव्स्की' हे नाव बिनचूक लिहिणे सोपे नसल्याने प्रचाराच्या जाहिरातींतून त्याची अक्षरे शिकवली गेली, नाव छापलेले मनगटपट्टे वाटले गेले, आणि मूलनिवासींच्या संस्था त्यांच्यामागे उभ्या राहिल्या. मतमोजणीत मिलर यांच्या प्रतिनिधींनी चुकीच्या स्पेलिंगवर बोट ठेवून आठ हजारांहून अधिक मतांना हरकत घेतली. परंतु मतदाराचा हेतू स्पष्ट असेल तर अक्षरांच्या चुकीने मत बाद होत नाही, हे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले, आणि तोच न्याय योग्य होता. मुर्कोव्स्की सुमारे दहा हजारांच्या फरकाने जिंकल्या. हरकतीची सर्व मते वगळली असती तरी त्या पुढेच राहिल्या असत्या.

2020 मध्ये अलास्काच्या मतदारांनी पक्षनिहाय प्राथमिक फेरी रद्द करून सर्व उमेदवारांची एकच फेरी, तीतून पहिले चार जण आणि अंतिम निवडणुकीत पसंतीक्रमाने मतदान, अशी व्यवस्था स्वीकारली. 2022 मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी पाठिंबा दिलेल्या केली चिबाका यांना हरवून मुर्कोव्स्की पुन्हा सिनेटवर गेल्या, त्या याच व्यवस्थेखाली.