नाट्यसन्मानात जलशाला जागा हवी

आमच्या शिराळ्याच्या सांगली जिल्ह्यात रंगभूमीचा इतिहास 1843 च्या विष्णुदास भावेंच्या 'सीतास्वयंवर'पासून सांगतात. त्यांच्या नावाचा सन्मान आजही सांगलीत दिला जातो. 1855 मध्ये जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' लिहिले. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाकारले. बक्षीस देणाऱ्यांनीच नाटक कशाला म्हणायचे तेही ठरवले. पुढे भीमराव कर्डकांच्या जलशाने बाबासाहेबांचा विचार वस्त्यावस्त्यांत नेला. शेजारच्या वाळवा तालुक्यातील वाटेगावच्या अण्णा भाऊंनी लोकनाट्यातून कामगारांचे दुःख मांडले. म्हणून आमची मागणी आहे: राज्याच्या नाट्यसन्मानांत आंबेडकरी जलसा, लोकनाट्य-लेखन आणि ढोलकी-साथ असे स्वतंत्र विभाग करा. 1855 ची चूक टाळायची असेल, तर निवड समितीतही जलसाकार बसवा. जय भीम!