सापाचे घर

‘आयत्या बिळावर नागोबा’ ही म्हण आपण दुसऱ्याच्या श्रमावर सुखाने नांदणाऱ्या माणसाला उद्देशून वापरतो. परंतु प्राणिशास्त्राच्या दृष्टीनेही ती बव्हंशी खरी आहे. नाग स्वतः बीळ खणीत बसत नाही. उंदराने पोखरलेले, वाळवीने उभारलेले, पडक्या भिंतीत आपोआप झालेले असे तयार घर तो पाहतो आणि त्यात शिरतो. मात्र हा भाडेकरू मोठा चोखंदळ असतो. वारुळात बाहेरच्या उन्हाचा ताप पोहोचत नाही, ओल टिकून राहते, अंग सर्व बाजूंनी भिंतीला टेकते, आणि चार हात सरकले की दाराशी ऊन मिळते. माणसाने जेव्हा सापासाठी घर बांधावयास घेतले, तेव्हा वारुळाचे हे साधे गुण त्याच्या ध्यानी यावयास पाऊणशेहून अधिक वर्षे लागली.

आपल्याकडील गारुड्याची टोपली या हकीकतीत धरावयाची नाही. ती घर नव्हे. ती प्रवासाची पेटी. तिच्यातला नाग बहुधा दात काढलेला आणि उपाशी असे, आणि तो फार दिवस जगावा अशी अपेक्षाही कोणी करीत नसे. सापाने वर्षानुवर्षे जगावे एवढ्यासाठी खास बांधलेले पहिले सार्वजनिक सर्पगृह लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८४९ साली उघडले. हा मुहूर्त योगायोगाचा नव्हता. इंग्लंडमध्ये काचेवर असलेला जुना कर १८४५ साली उठला होता आणि मोठाली काचेची तावदाने आवाक्यात आली होती. त्यापूर्वी साप पेट्यांत ठेवीत आणि थंडी वाजू नये म्हणून त्यांच्यावर कांबळी घालीत. कांबळे हे सापाच्या बाबतीत किती निरुपयोगी, हे समजून घेण्यासारखे आहे. आपल्या अंगात उष्णता निर्माण होते, ती कांबळे बाहेर जाऊ देत नाही. सापाच्या अंगात ती जवळजवळ निर्माणच होत नाही. त्याला ती बाहेरून घ्यावी लागते. तेव्हा थंडगार सापाला कांबळ्यात गुंडाळले तर तो थंडगारच राहणार! त्याच सुमारास लंडनच्या एका प्रचंड बोआने तर आपले पांघरूणच गिळून टाकले आणि काही आठवड्यांनी ते ओकून बाहेर काढले.

या नियमाला एक विलक्षण अपवाद आहे, आणि त्याचा संबंध आपल्या देशाशी पोहोचतो. हिंदुस्थानात फिरून गेलेल्या लामार-पिको नामक फ्रेंच निसर्गप्रेमी प्रवाशाने असे सांगितले होते की, अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून ती पक्ष्याप्रमाणे उबवते. पॅरिसच्या विद्वानांनी हे म्हणणे धाडसाचे ठरवून बाजूला सारले. पुढे १८४१ साली त्याच शहरातील वनस्पती उद्यानाच्या प्राणिसंग्रहात एका अजगरीने पंधरा अंडी घातली आणि ती त्यांना वेढून बसली. व्हालेन्सिएन या प्राणिशास्त्रज्ञाने तिच्या वेटोळ्यांत उष्णतामापक ठेवून पाहिला. आतली उष्णता भोवतालच्या हवेपेक्षा कितीतरी अधिक भरली, आणि पंधरांपैकी आठ अंड्यांतून पिले बाहेर पडली. प्रवाशाचे म्हणणे खरे ठरले. कोंडलेल्या सापाशेजारी उष्णतामापक ठेवून शांतपणे आकडे टिपण्याची ही रीत, माझ्या मते, त्या आठ पिलांहून मोलाची होती. कारण पुढचे सारे सर्पगृहशास्त्र त्या रीतीवर उभे आहे.

लंडनच्या नव्या सर्पगृहात काच आली, ऊबही आली; परंतु रचना होती ती पाहणाऱ्याच्या सोयीची. पेटी मागून उघडावयाची आणि हात घालून साप हलवावयाचा अशी रीत होती. २० ऑक्टोबर १८५२ रोजी एडवर्ड होरेशियो गर्लिंग हा तेथील रखवालदार, ऑस्ट्रेलियास निघालेल्या मित्राच्या निरोपासाठी रात्रभर मद्य घेऊन, सकाळी तशाच अवस्थेत कामावर आला. त्याने नाग बाहेर काढला, आणि नागाने त्याच्या नाकावर दंश केला. रुग्णालयात थोड्याच वेळात त्याचा अंत झाला. नागाच्या विषावर प्रतिविष निघावयास त्या वेळी अजून चाळीसहून अधिक वर्षे अवकाश होता. वृत्तपत्रांनी दोष मद्याला दिला, आणि तो योग्यच होता. तथापि शुद्धीवर नसलेल्या माणसाचा हात नागापर्यंत इतक्या सहज पोहोचावा, हा दोष घराचाही होता.

१८८३ साली अधिक मोठे सर्पगृह झाले. पण खरा पालट घडविला तो एका आजारी मुलीने. जोन बोशॅम्प प्रॉक्टर हिचा जन्म १८९७ सालचा. लहानपणापासून तिला सरडे आणि साप पाळण्याचे वेड. एक डाल्मेशियन सरडा तर प्रवासात आणि जेवणाच्या मेजावरही तिच्या सोबत असे. शाळेत असताना तिने मगरीचे पिलू पाळले होते, आणि ते ती वर्गातही घेऊन गेली होती. प्रकृती नाजूक असल्याने विद्यापीठाचे शिक्षण तिला घेता आले नाही. ब्रिटिश म्युझियममधील सरीसृपतज्ज्ञ बूलेंजर यांच्या हाताखाली ती शिकली आणि १९२३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सरीसृप विभागाची प्रमुख झाली. त्या जागेवर आलेली ती पहिली स्त्री. तिच्या आराखड्यावरून, गाय डॉबर या वास्तुशिल्पज्ञाच्या मदतीने, १९२७ साली नवे सर्पगृह उघडले.

या घराची गोम अशी की, सगळी इमारत सारखी तापविण्याचा जुना प्रघात तिने सोडून दिला. विजेच्या साहाय्याने निरनिराळ्या पेट्यांना निरनिराळी उष्णता देता येऊ लागली. पेटीच्या आतही एखादा खडक उबदार, तर दुसरा कोपरा निवांत. थंडी की ऊब, हे आता साप स्वतः ठरवू लागला. प्रेक्षकांचे दालन तिने अंधारे ठेविले आणि प्रकाश फक्त पेट्यांत सोडला, त्यामुळे काचेत पाहणाऱ्याचे प्रतिबिंब पडेनासे झाले. साधी काच सूर्याचे अतिनील किरण अडविते, म्हणून ते किरण आत येऊ देणारी ‘व्हिटा’ काच तिने वापरली. मुडदूस झालेल्या बालकांना या किरणांनी गुण येतो, हे नुकतेच सिद्ध झाले होते. तोच न्याय तिने आपल्या पाळीवांना लाविला. सापांना अशा किरणांची गरज नसते असे पुढे कितीतरी वर्षे मानले जाई. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मात्र, या किरणांखाली ठेवलेल्या कॉर्न स्नेक जातीच्या सापांच्या रक्तात ‘ड’ जीवनसत्त्वाचे प्रमाण वाढलेले आढळले. प्रॉक्टरबाई तोवर हयात नव्हत्या. १९३१ साली, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी त्या निवर्तल्या. त्यांच्या घरात मात्र नव्वदाहून अधिक वर्षे सापांनी वस्ती केली.

एक गोष्ट तरीही उरली होती. काचेआडचा साप सदैव उघड्यावर असे. आणि बिळाबाहेर उघडा पडलेला साप म्हणजे घारीचे भक्ष्य, एवढे तो उपजतच जाणतो. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंड प्राणिसंग्रहालयातील कार्ल कॉफेल्ड यांनी आयुष्यभर सापांची देखभाल केली आणि १९६९ साली त्यावर ग्रंथ लिहिला. त्यांचा आग्रह होता तो अंगाला घट्ट बसेल अशा लहानशा आडोशाचा. महिनोन्महिने अन्नाला न शिवणारे साप असा आडोसा मिळताच खाऊ लागतात, असा त्यांचा अनुभव. पेटी सुंदर दिसते की नाही, याची त्यांना फिकीर नव्हती. वारुळाचा राहिलेला गुण असा पदरात पडला.

इंग्लंड-अमेरिकेत आज जे कुटुंब पहिल्यांदा साप पाळते, ते बहुधा आग्नेय अमेरिकेतला बिनविषारी कॉर्न स्नेक निवडते. आपल्या देशात, श्रोतेहो, हा नाद करण्यापूर्वी कायदा पाहावा: १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये आपल्याकडील रानटी साप पकडून घरी बाळगणे हा गुन्हा आहे, आणि बॉल पायथनसारख्या, आंतरराष्ट्रीय करारात नोंदलेल्या परदेशी जाती बाळगणाऱ्यावर २०२२ च्या दुरुस्तीने नोंदणीचे बंधन घातले आहे.

त्या परदेशी कुटुंबाच्या घरातली पेटी पाहिली की ही सारी हकीकत तिच्यात सापडते. कॉर्न स्नेक पूर्ण वाढीला तीन ते पाच फूट होतो. पेटी निदान त्याला सरळ पसरता येईल एवढी लांब असावी, असे आता जाणकार सांगतात. एका टोकाला ३० अंश सेल्सियसच्या आसपास ऊब, दुसऱ्या टोकाला २४ किंवा त्याहून थोडी कमी, आणि दोन्ही टोकांना एकेक आडोसा. नाही तर भित्र्या सापाला ऊब आणि लपण यांतून एकच निवडावे लागते. दिव्याला जाळी आणि तापनियंत्रक हवाच, कारण साप पोळेपर्यंत बसून राहतो. बुडून बसता येईल असे पाण्याचे भांडे असावे, कात टाकतेवेळी ओलसर शेवाळ असावे, आणि झाकणाला कुलूप असावे. साप आणण्याच्या आधी पेटी काही दिवस रिकामीच चालवून उष्णतामापक वाचावा. आणल्यावर पहिला आठवडा त्याला हात लावू नये. मेलेला उंदीर पुढे करावयाचा, तो त्यानंतर.