एपीटी : हत्याराची डावी-उजवी

‘एपीटी’ म्हणजे ‘ऑटोमॅटिकली प्रोग्रॅम्ड टूल’, यंत्राला कापकामाच्या सूचना देण्याची संगणकभाषा. अमेरिकेत एमआयटीमध्ये डग्लस रॉस यांच्या नेतृत्वाखाली घडलेल्या, १९५९ मध्ये जाहीर झालेल्या या भाषेच्या नावात यंत्र नाही, जॉबही (कापायचा तुकडाही) नाही. आहे ते हत्यार. हा योगायोग नव्हे. तिच्यातला ‘जीओएलएफटी’ म्हणजे ‘डावीकडे जा’. पण ही डावी बाजू ड्रॉइंगची नव्हे, कटर ज्या दिशेनं आला त्या दिशेची. लिहिणाऱ्यानं जणू कटरवर बसूनच वळण ठरवायचं. कुणी म्हणेल, मिलिंग मशीनवर पुष्कळदा टेबलच सरकतं, कटर जागच्या जागी फिरतो. खरं आहे, आणि म्हणूनच हे नाव मला मोलाचं वाटतं. जॉब स्थिर, हत्यार चालतं, असं एकदा धरलं की तोच मजकूर दोन्ही तऱ्हेच्या यंत्रांना चालतो. प्रत्यक्षात काय सरकवायचं, ते पोस्टप्रोसेसर, म्हणजे त्या-त्या यंत्राजोगत्या सूचना करून देणारा प्रोग्रॅम, बघतो.