किंता देल सोर्दो

किंता देल सोर्दो : स्पेनमधील माद्रिद नगरालगत, मान्सानारेस नदीपलीकडे असलेले बागायती घर, फ्रान्सिस्को गोया (१७४६–१८२८) या चित्रकाराचे उत्तरवयातील एकांतस्थान. ‘बहिऱ्याची वाडी’ या अर्थाचे हे नाव गोयावरून पडले असावे असा समज होणे साहजिक आहे, कारण १७९२-९३ च्या दुखण्यात त्याची श्रवणशक्ती कायमची गेली होती. परंतु ते त्याच्या आगमनापूर्वीपासूनच रूढ होते.

दरबारचा प्रथम चित्रकार म्हणून मानमरातब भोगलेल्या, नेपोलियनच्या फौजांनी मांडलेला संहार पाहिलेल्या आणि सातव्या फर्नांदोच्या अनियंत्रित अंमलास विटलेल्या गोयाने १८१९ मध्ये ही मिळकत खरेदी केली. त्याच वर्षाच्या अखेरीस तो एका जीवघेण्या आजारातून कसाबसा वाचला. लेओकादिया वाइस ही स्त्री आपल्या मुलीसह तेथे राहत असल्याने या वास्तव्यास संन्यास म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. मात्र घराच्या भिंतींपुरती तरी कोणाही आश्रयदात्याची फर्माईश त्याने शिल्लक ठेवली नाही. दोन मजल्यांवरील दोन दालनांत, थेट गिलाव्यावर, तैलरंगांत त्याने जी चौदा ‘कृष्णचित्रे’ रंगविली, त्यांना ना त्याने शीर्षके दिली, ना ती कोणास विकावयाची होती. पुत्रभक्षक सॅटर्न, चेटकिणींचा मेळा, रित्या पिवळट अवकाशाखाली केवळ डोके वर काढलेला कुत्रा : हे सारे काळ्या आणि मातकट रंगांतून उमटलेले आहे, क्ष-किरणांनी मात्र त्यांच्याखाली आधीच्या निसर्गदृश्यांचे अवशेष दाखविले आहेत.

१८२३ मध्ये गोयाने हे घर नातू मारियानो यास बक्षीस दिले आणि पुढील वर्षी तो फ्रान्समधील बोर्दो येथे गेला. तेथेच त्याचे निधन झाले. १८७३ मध्ये बॅरन एमिल देर्लांजे याने वास्तू विकत घेतली व सालवादोर मार्तीनेस कुबेल्स याच्याकरवी चित्रे भिंतींवरून कॅनव्हासवर उतरवून घेतली. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात ती मांडण्यात आली आणि १८८१ मध्ये देर्लांजेने ती स्पेनला अर्पण केली. घर १९०९ च्या सुमारास पाडण्यात आले. चित्रे प्रादो संग्रहालयात आहेत.

भिंतींवरून कॅनव्हासवर उतरविताना चित्रांची झीज झाली आणि मार्तीनेस कुबेल्सने बरेच पुनर्लेपनही केले, ही बाब रसिक बहुधा नजरेआड करतात. त्यांपैकी एका चित्रात सोट्यांनी झुंजणारे दोघे आज गुडघ्यांपर्यंत चिखलात रुतलेले दिसतात व त्यावरून स्पेनच्या यादवीविषयी पुष्कळ भाष्य झाले आहे. परंतु झां लोराँ याने चित्रे भिंतींवर असतानाच घेतलेल्या छायाचित्रात त्यांच्या पायांशी गवतासारखे काही दिसते.